सुभेदार सोप्यात बसले ती दुपार

बुधवारी डॉक्टरांनी आक्काच्या सासऱ्यांना सांगितलं की सुनेला घरी घेऊन जा. मी त्यांच्या शेजारी उभा होतो. आक्का बाहेर बाकावर बसली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. आम्ही एसटीने तिच्या सासरी आलो.

आक्का माझी थोरली बहीण. आम्ही साताऱ्याचे. आई लवकर गेली, तेव्हा आक्काने शाळा सोडून मला वाढवलं आणि मी कॉलेजात जायच्या आत तिचं लग्न झालं. दिलं ते सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात. उसाचं रान होतं आणि पलटणीची परंपरा होती. सासरे सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळं गाव त्यांना सुभेदारच म्हणायचं. भावोजी हवालदार, कायम कुठल्यातरी सरहद्दीवर. वर्षातून एकदा रजेवर यायचे. त्यामुळे आक्काला दवाखान्यात न्यायचं ते सुभेदारांनीच.

आणीबाणी उठली त्या साली तिचा आजार कळला. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. कळायला उशीर झाला होता. सांगलीच्या इस्पितळात तिला विजेचे शेक, म्हणजे रेडिएशन, दिले. काही महिने बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. आणि मग तो बुधवार.

डॉक्टर वाईट नव्हते. तिशीतला माणूस, सांगलीचाच, मुंबईला शिकून परत आलेला. सुभेदारांना त्यांनी खुर्ची दिली, सावकाश सांगितलं, निघताना गोळ्यांची पुडी दिली. म्हणाले, दुखलं तर यातली एक द्या. ती पुडी आक्काच्या सासूबाईंनी देवाच्या कोनाड्यात ठेवली. आक्का मागेल तेव्हा द्यायची असं ठरलं. आक्काने ती मागितली नाही.

मी साताऱ्यात एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. आजाराबद्दल काही मिळतं का म्हणून सगळी कपाटं पाहिली होती. मेल्यानंतर आत्म्याचं काय होतं यावर पुष्कळ पुस्तकं होती. मरायच्या आधी माणसाचं काय करावं यावर एकही नव्हतं. रजा टाकून मी आक्काच्या घरी जाऊन राहिलो.

त्या घरात पुरुषमाणूस माजघरात यायच्या आधी उंबऱ्याशी खाकरायचा. ती तिथली रीत होती. आत बायका कशाही बसलेल्या असतात, त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून. सुभेदार कधी न खाकरता आत आले नाहीत. खाकरले की आक्का पदर डोक्यावर घ्यायची, उठून उभी राहायची, चाललेलं बोलणं थांबायचं. वीस वर्षांत ती त्यांच्याशी थेट दहा वाक्यं बोलली असेल की नाही, शंका आहे. त्यात राग नव्हता, दोन्हीकडून मानच होता. सुभेदार गावात चारचौघांत सांगायचे, आमची सून म्हणजे सोसणारी.

मी माजघरात तिच्या अंथरुणाजवळ बसून असायचो. सुभेदार रानात गेले की ती कण्हायची. मोठ्यांदा नाही; दात दाबून, एका सुरात, जात्याची घरघर लांबून ऐकू यावी तसं. गुडघे पोटाशी घेऊन ती एकाच कुशीवर पडून असायची. मी काही विचारलं तर म्हणायची, वाच काहीतरी. मी वाचायचो. ती ऐकत नसायची. मग उंबऱ्याशी खाकरल्याचा आवाज यायचा आणि कण्हणं थांबायचं, कुणी कळ फिरवावी तसं. पदर डोक्यावर यायचा. सुभेदार दारातूनच विचारायचे, "कसं हाय?" सासूबाई उत्तर द्यायच्या, "बरं हाय." ते समाधानाने परत जायचे. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

सासूबाईंना माहीत होतं. मी त्यांना म्हटलं, गोळी द्या ना. त्या म्हणाल्या की तिनं मागितली की देते, मागायच्या आधी औषध देणं बरं नसतं. आणि मग जरा अभिमानाने सांगितलं की त्यांची स्वतःची बाळंतपणं याच खोलीत झाली आणि बाहेर सोप्यात बसलेल्या पुरुषांना मूल रडल्यावरच कळलं.

आठवडाभराने मी सांगलीला जाऊन डॉक्टरांना गाठलं. बाहेर ओळ लागलेली. जतकडचे धनगर, कवठे महांकाळचे शेतकरी, कानडीत बोलणारी एक म्हातारी आणि तिचं मराठी करून सांगणारी नात. डॉक्टर थकलेले दिसत होते. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "मी प्रत्येक खेपेला विचारलंय हो त्यांना. प्रत्येक खेपेला नाही म्हणाल्यात." ते खरं होतं. मी दोनदा बरोबर होतो. ते विचारत होते तेव्हा सुभेदार शेजारी ताठ उभे होते आणि आक्का पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

याहून जोराचं औषध नाही का, असं मी विचारलं. आहे, पण ते अगदी शेवटी द्यायचं, असं ते म्हणाले. सवय लागते, श्वास मंदावतो. मग घड्याळाकडे बघून त्यांनी सांगितलं की शुक्रवारपासून एक बाई इथल्या कॅन्सरच्या डॉक्टरांना असल्याच गोष्टी शिकवायला येणार आहेत, तुम्ही त्यांना भेटा. मला वाटेला लावण्यासाठी ते म्हणाले असावेत. मी शुक्रवारी गेलो.

वर्ग नर्सबाईंच्या शिकायच्या खोलीत होता, बाह्यरुग्ण विभाग उरकल्यावर. पाच डॉक्टर होते. एक साताऱ्याहून आलेले. सगळे दिवसभराच्या कामाने आंबलेले. शिकवणाऱ्या बाई पन्नाशी ओलांडलेल्या, सुती साडीतल्या. इंग्लंडात मरणाऱ्या रोग्यांसाठीच काढलेल्या एका इस्पितळात त्यांनी काही वर्षं काम केलं होतं. त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. म्हणाल्या, "रोग बरा होणार नाही हे कळलं की आपण काय करतो? खुर्ची मागं सारतो. ती पुन्हा पुढं कशी घ्यायची, तेवढंच मी शिकवणार आहे."

डॉक्टरांनी वाद घातला आणि तोही खोटा नव्हता. बऱ्या होणाऱ्यांना खाटा पुरत नाहीत, न होणाऱ्यांना वेळ कुठून देणार?  आक्काच्या डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं तेव्हा बाईंनी मला बोलायला सांगितलं. मला चारचौघांत बोलता येत नाही. खाकरण्याची रीत, आक्काचं कण्हणं, कोनाड्यातली पुडी, सगळं उलटसुलट सांगितलं. मी थांबल्यावर साताऱ्याचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे आता आम्ही औषध सुनेला द्यायचं का सासऱ्याला?"

सगळे हसले. बाईही हसल्या. म्हणाल्या, "लागलं तर सासऱ्याला द्यायचं. कुठलं, ते तिथं गेल्यावर कळेल. हे घरी विचारतील का, आपण येऊ का म्हणून?"

विचारायला मलाच लागलं. सुभेदार सोप्यात सुपारी कातरत बसले होते. डॉक्टर घरी येतायत याचा त्यांना आनंद झाला. शिकवणाऱ्या बाईंबरोबर पाच डॉक्टर येतायत म्हटल्यावर कातरणारा हात थांबला. "पाच? घरात काय परेड हाय व्हय, पाव्हणं?" मी म्हटलं, शिकायला येतायत. ते म्हणाले, "आजारी बाईमाणूस हाय. तिला बगून काय शिकणार?"  त्यांनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले की दारात येणाऱ्याला नको म्हणायची या घरची रीत न्हाई; येऊ द्या, चहा पिऊन जाऊ द्या.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ते आले. सुभेदारांनी कोट घातला होता. त्यांनीच सगळ्यांना माजघराकडे नेलं आणि उंबऱ्याशी खाकरले. मी आत होतो. आक्काने पदर घेतला, भिंतीला हात लावला आणि उठून उभी राहिली. चार दिवसांत ती उठून बसलीही नव्हती. तिच्या कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम आला. तिच्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"बरं हाय," आक्का म्हणाली.

डॉक्टर बाईंकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर, मी सांगत नव्हतो का, असं होतं. बाई आक्काच्या कपाळाकडे बघत होत्या. मग त्या सुभेदारांना म्हणाल्या, "सुभेदारसाहेब, आम्ही तपासतोय तोवर कुणी आत येता कामा नये. तुम्ही सोप्यात बसाल?"

असं पहाऱ्याचं काम सांगितल्यावर सुभेदारांनी नाही म्हणणं शक्यच नव्हतं. ते जाऊन सोप्याच्या दारात पाठ करून बसले. बाईंनी बाकीच्या चौघांनाही त्यांच्याकडे पाठवलं. मीही उठलो, पण आक्काने माझा हात धरला, म्हणून राहिलो. सासूबाईंनी तिला धरून आडवं केलं. तिच्या डॉक्टरांना बाईंनी खाली घोंगड्यावर बसायला सांगितलं. ते मांडी घालून बसले, पँट आखडली म्हणून पुन्हा नीट बसले. पुन्हा तोच प्रश्न विचारणार होते, पण बाईंनी मानेनंच नको म्हटलं. मग त्यांना काय विचारावं सुचेना.  एवढा शिकलेला माणूस, आणि त्याला पुढचा प्रश्न येत नव्हता. मला त्यांची दया आली.

शेवटी त्यांनी विचारलं, "दुसऱ्या कुशीवर वळता येतं का?"

आक्काने दाराकडे पाहिलं. "मामंजी बाहेर हाईत?"

"हो. सोप्यात आहेत."

"मग सांगते." ती हळू बोलत होती, पण बोलली. "तुमी त्येंच्या म्होरं इचारत व्हता, डॉक्टर. त्येंच्या म्होरं मी आजवर भूक लागली असंबी म्हणलं न्हाई. आन तितं दुखतंय म्हणून सांगू व्हय?"

 मग तिने सगळं सांगितलं. कंबरेतून मांडीपर्यंत कळ कशी जाते, लघवीला बसताना काय होतं, वास येतो म्हणून ती शेजारणींना येऊ देत नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. आपल्या बहिणीचं हे आपण ऐकू नये असं वाटत होतं, आणि तिने हात सोडला नव्हता. तिचं सांगून झाल्यावर ती डॉक्टरांना म्हणाली, "मी मरणार हाय न्हवं?"

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी मदत केली नाही.

"हो," ते म्हणाले. "रोग आता थांबत नाही."

"मग त्येला ऱ्हाऊ द्या. दुखायचं तेवढं थांबवा."

नंतर सोप्यात चहा झाला आणि तिथे औषधाची गोष्ट निघाली. पातळ औषध, कडू, दर चार तासांनी, मागो न मागो. बाईंनी ते डॉक्टरांनाच सांगायला लावलं. ते मॉर्फिन आहे, अफूपासून करतात, हे त्यांनी लपवलं नाही. सुभेदारांनी कप खाली ठेवला. आजवर त्यांच्या घरात दारूची बाटली आली नव्हती, आता सुनेला अफू खायला घालायची? सवय लागली तर? हीच भीती आठवड्यापूर्वी डॉक्टरांनी मला घातली होती. त्यांनी उत्तरासाठी तोंड उघडलं, पण आतल्या दाराआडून सासूबाईंचा आवाज आला. परक्या पुरुषांसमोर त्या बोलत नसत.

"रानात भांगलायला जाताना तुमच्या आईनं तुमालाबी चाटवली व्हतीच की. आमीबी पोरांना चाटवली. लागली व्हय सवय? सुभेदार झालाच न्हवं?"

साताऱ्याच्या डॉक्टरांना चहाचा ठसका लागला. सुभेदार हसले नाहीत, पण त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्या काळी आमच्याकडे तान्ह्या पोरांना अफूचा कण देऊन झोपवायचे. त्यात शहाणपण नव्हतं, आणि बाईंनी ते तसं सांगितलंही. पण सुभेदारांची भीती त्या टोमण्याने मोडली. मग आक्काचे डॉक्टर म्हणाले, "पहाऱ्यावरच्या जवानाला झोप आली का असं विचारून तुम्ही पहारा बदलत होता का?"

"वेळ झाली की बदलायचा," सुभेदार म्हणाले.

"तसंच हे आहे. दुखतंय का, हे विचारायचं नाही. वेळ झाली की द्यायचं."

सुभेदारांनी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली.

पहिले दोन दिवस वाईट गेले. आक्काला मळमळलं, ती झोपूनच राहिली आणि सुभेदार माझ्याकडे असे बघायचे, जणू मी घरात चोर आणला. शौचाला होईना. डॉक्टर संध्याकाळी येऊन जात; त्यांना बाईंनी बजावून पाठवलं होतं की ते रोज विचारा आणि एरंडेल द्या. ते विचारताना डॉक्टरांचे कान लाल व्हायचे. तिसऱ्या दिवशी ती उठून बसली. दुधात भाकरी कुस्करून खाल्ली. मला म्हणाली, "काय रडका चेहरा करून बसलाईस, दाढी कर जा." त्यानंतर मी वाचायचो तेव्हा ती ऐकायची आणि मधेच थांबवून विचारायची की त्या माणसाचं पुढं काय झालं, हे लिवणाऱ्यानं का सोडून दिलं.

औषधाची वेळ झाली की सुभेदार उंबऱ्याशी येऊन खाकरायचे, सासूबाई बाटली काढायच्या. आक्का पदर घ्यायचीच. उठून उभं राहायला मात्र त्यांनी बंदी घातली. तसं सुनेला थेट सांगितलं नाही, बायकोला सांगितलं, तिला ऐकू जाईल अशा आवाजात. तार गेली, भावोजी रजा घेऊन आले. एका सकाळी त्यांनी आक्काला बैलगाडीत गादी घालून विहिरीवर नेलं. दोघं मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यापाशी बसून काय बोलले मला माहीत नाही. परत आल्यावर ती दमली होती आणि तिच्या पदराला मक्याचे तुरे चिकटले होते.

असे काही आठवडे मिळाले. शेवटी शेवटी कळ पुन्हा वर आली. डॉक्टर मोटारसायकलवर स्वतः येऊन औषध वाढवून गेले. येताना ते सुभेदारांकडे नुसते बघायचे आणि सुभेदार उठून सोप्यात जायचे. आक्का एका सकाळी गेली. तेव्हा तिच्याजवळ सासूबाई होत्या. मी साताऱ्याला पगार घ्यायला गेलो होतो.

बाईंचा वर्ग पुढे चालला. बाई थकल्या तेव्हा तो आक्काच्या डॉक्टरांनी घेतला. नवे डॉक्टर आले की ते मला पत्र टाकायचे आणि मी एसटीने सांगलीला जायचो. त्याच खोलीत उभा राहून मी तेच सांगायचो. सवय लागत नाही का, असं प्रत्येक वेळी कुणीतरी विचारायचं. प्रत्येक वेळी कुणीतरी पेंगायचं. त्यांना दोष देत नाही, दिवसभर ते उभेच असत. ते माना डोलवायचे. आणि वर्ग संपवून मी वॉर्डातून बाहेर पडताना त्यांच्यातलाच एखादा, नवरा-सासरा-दीर असे तिघं उभे असताना, खाटेवरच्या बाईला मोठ्याने विचारत असायचा, दुखतंय का? ती नाही म्हणायची. तो लिहायचा.

डॉक्टरांना मी एकदा विचारलं की तुम्ही कंटाळत नाही का. ते म्हणाले, कंटाळतो की. मग आम्ही कॅन्टीनमध्ये चहा प्यायलो आणि मी परतीची गाडी पकडली.

इतक्या वेळा सांगितल्याचा एक परिणाम झाला. आक्काची वाक्यं मला पाठ आहेत, पण ती आता माझ्या आवाजात ऐकू येतात. तिचा आवाज कसा होता ते आठवायला जातो तेव्हा वर्गात बोलणारा मीच ऐकू येतो. म्हणून गेल्या काही वर्षांत मी जाणं बंद केलं. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही.

सुभेदार गेले, त्यांच्यामागून सासूबाई गेल्या. भावोजी पेन्शनवर गावी असतात. ऊस आहे, दुसरं लग्न केलं नाही. डॉक्टर निवृत्त झाले. मी साताऱ्यात राहतो. सांगलीच्या त्या इस्पितळात काही डॉक्टर बाईमाणसाला विचारण्याआधी घरच्यांना बाहेर बसायला सांगतात. काही सांगत नाहीत.